टेपचं दुसरं टोक

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. टेपबाईंचं ऑफिस त्या पायरीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला होतं. म्हणजे शहाणपण सुचायची ती शेवटची जागा. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूनं वर जाणारा अरुंद जिना, आणि वर एक खोली. खोलीत टेबल, खुर्च्या, कागदांनी पोट सुटलेली दोन कपाटं, आणि दारासमोरच्या खिळ्याला चामड्याच्या डबीतली एक जुनी लांबलचक टेप. कापडी होती. ओढली की लांबत जायची आणि मूठ फिरवली की कुरकुरत परत डबीत शिरायची.

टेपबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता वकिलीच्या सनदेवर आणि विजेच्या बिलावरच उरलं होतं. घरं, दुकानं, गाळे यांच्या खरेदी-विक्रीची आणि वाटण्यांची कामं बाई करत. नुसती खरेदी-विक्री असली तर त्या फार आढेवेढे घेत नसत. विकणारा खरोखरच मालक आहे ना, त्याच्या पोटात आणखी कुणी भाऊ-बहीण दडलेले नाहीत ना, एवढं बघायचं, दस्त लिहायचा, नोंदवायचा. पण कुणी भांडण घेऊन जिना चढलं, आणि तेही नात्यातलं, तर बाई खिळ्याकडे बोट दाखवायच्या.

"आधी टेप, मग वकीलपत्र."

म्हणजे असं, की दोन्ही बाजूंनी वादातल्या जागेत एकाच वेळी हजर व्हायचं, टेपचं एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, आणि जागा स्वतः मोजायची. बाई स्टुलावर बसून आकडे लिहिणार. टेपला हात लावणार नाहीत. टेपच्या टोकाची पितळी कडी फार वर्षांपूर्वी दोन जावांनी रस्सीखेच करून तोडली होती. ती बाईंनी मुद्दाम बसवून घेतली नाही. कडी नसली की टोक कशाला अडकवता येत नाही, कुणीतरी धरूनच ठेवावं लागतं. आणि धरणाऱ्याशी बोलावं लागतं.

बेकरीवाल्या भावांची गोष्ट सगळ्या वकिलांना तोंडपाठ होती. भट्टीमागच्या जागेच्या एका पट्टीवरून दोघांत वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता. भट्टीत तेवढा जात होता. एकमेकांशी बोलायचं झालं तर गल्ल्यावरच्या मुलीमार्फत. बाई तिथं गेल्या आणि थोरला तोंड फिरवून म्हणाला, "त्याला सांगा, टोक नीट धर म्हणावं."

"मी नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "निरोपाची फी वेगळी पडेल."

थोरल्यानं हिशेब केला असावा. "धर रे नीट," तो म्हणाला.

"धरलंय."

"खाली धर. पोटावर काय धरतोस?"

"पोट मधे येतं त्याला मी काय करू?"

"कमी खात जा."

"डॉक्टरनं सोडायला लावलंय सगळं. तुला काय माहीत?"

 धाकट्याला काही झालंय हे थोरल्याला खरोखरच माहीत नव्हतं. मोजणी झाली तेव्हा कळलं की पट्टीबिट्टी काही नव्हतीच. थोरल्यानं पूर्वी भिंत धरून मोजलं होतं, धाकट्यानं भिंत सोडून. "भिंतीलाही जाडी असते," बाई म्हणाल्या आणि स्टुलावरून उठल्या. हे वाक्य पुढे इतकं गाजलं की नवे वकील ते कोर्टात वापरायला लागले, काहीजण तर भिंतीचा संबंध नसतानाही.

सगळीच भांडणं अशी मिटायची, असं नाही. काहीजण टेप धरून जास्तच जोमानं भांडायचे. पण तेव्हाही बाईंना ते बरं वाटायचं. भांडतायत म्हणजे निदान समोरासमोर उभे आहेत.

आता कुणी म्हणेल, एवढ्या शहाण्या बाईंच्या स्वतःच्या घरात सगळं आलबेल असणार. तर तसं काही नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "अटी वाचल्या. एकतर्फी वाटल्या." त्या आईवडिलांच्या घराच्या डाव्या अर्ध्या भागात राहत. उजव्या अर्ध्यात दादा, त्यांचा थोरला भाऊ. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. आई होती तोवर घर एक होतं. ती गेल्यावर कुरबुरी सुरू झाल्या. गच्चीवर दोरी कुणाची, नळावर बादली कुणाची, दादाचा रेडिओ एवढ्या मोठ्यानं का, बाईंची अशिलं दादाच्या खुर्चीत का बसतात. मोठं असं काहीच नव्हतं, पण रोज होतं. एका सकाळी लिंबाच्या झाडावरून दोघांची अशी जुंपली की वहिनीला दोघांच्या मधे उभं राहावं लागलं.

तेव्हा बाई तरुण होत्या, आणि हातात कायदा होता. त्यांनी ठरवलं, असं वाटणीपत्र लिहायचं की पुन्हा भांडायला फटच राहू नये. दादाशी अबोला होता, म्हणून त्यांनी मोजणीही एकटीनं केली. टेपच्या टोकावर इस्त्री ठेवून. आधी आपल्या खोल्या, मग दादा शाळेत गेल्यावर वहिनीला विचारून पलीकडच्या. दुसऱ्यांसाठी नियम, स्वतःसाठी इस्त्री.

वाटणीपत्र मात्र असं उतरलं की वाचणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. गच्ची रंगाची रेघ मारून वाटलेली. नळ वेगळे, मीटर वेगळे, जिना बाईंचा, अंगण दादाचं. लिंबाचं झाड दादाचं, पण बाईंच्या बाजूला पडलेली लिंबं बाईंची. कुणाला आपला हिस्सा विकायचा झाला तर आधी दुसऱ्याला लेखी विचारायचं. दादानं न वाचता सही केली. "तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असेल," एवढंच म्हणाला, आणि ते कौतुकानं म्हणाला नाही.

त्यानंतर भांडण झालं नाही. होणार कशावरून? सगळं ज्याचं त्याला मिळालं होतं. भांडण गेलं तसं बोलणंही गेलं. सुरुवातीला बाईंना वाटलं, किती छान शांतता आहे. मग वर्षं गेली आणि त्या शांततेची सवय झाली. वहिनी होती तोवर ती वाटीतून काहीबाही घेऊन ये-जा करायची. दोन वर्षांपूर्वी वहिनीही गेली, आणि वाटीचं येणं-जाणं थांबलं.

ते वाटणीपत्र बाईंनी नमुना म्हणून जपलं होतं. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ते वाचायला देत. "याला म्हणतात चोख काम," म्हणत.

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या घरात ते कान बाईंचे होते. मधल्या भिंतीला त्यांचा पलंग टेकलेला होता. पलीकडून दादाचा रेडिओ ऐकू यायचा, खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा, भांडं पडलं की दादाचं "हात्तेच्या" ऐकू यायचं. वहिनी गेल्यावर भांडी जास्त पडायला लागली होती. बाई हातातलं पुस्तक खाली ठेवून ऐकत बसायच्या. कधीकधी वाटायचं, जावं. पण कुठल्या कलमाखाली जायचं?

आणि मग एक दिवस नोटीस आली.

दादाला त्याचा हिस्सा विकायचा होता. मुलगा दूर दुसऱ्या शहरात होता, तिकडे कायमचं जायचं होतं. वाटणीपत्रातल्या अटीप्रमाणे आधी आपणांस विचारण्यात येत आहे, आपण घेणार असाल तर मुदतीत कळवावे, अन्यथा अन्य इसमास विकण्यास आमचे अशील मोकळे राहतील. खाली सही होती परंतुची.

परंतु हा बाईंचा जुना शिष्य. प्रत्येक वाक्यात एकदा तरी "परंतु" म्हणायचा, म्हणून कोर्टात सगळे त्याला त्याच नावानं ओळखत. बाईंच्याच ऑफिसात शिकला आणि आता रस्त्यापलीकडे स्वतःची पाटी लावून बसला होता.

बाईंनी नोटीस वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. घ्यायला काही अडचण नव्हती. शिल्लक होती, कर्जही मिळालं असतं. पण नुसत्या विटा घेऊन करायचं काय? दादा गेल्यावर भिंतीपलीकडून काहीच ऐकू येणार नव्हतं. किंवा त्याहून वाईट, कुणा परक्याचा रेडिओ ऐकू आला असता. या वयात गेलेला भाऊ पुन्हा कशाला येतो? बाईंना भीती वाटली. साधी, लहान मुलांना वाटते तशी. घर रिकामं होणार म्हणून. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, "आपली नोटीस मिळाली" यापुढे हात चालेना, आणि त्यांनी कागद बाजूला सारला.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, नोटीस मिळाली?"

"मिळाली. मसुदा बरा आहे. दोन परंतु कमी चालले असते."

"हो बाई. परंतु एक सांगायचं होतं. मी तुमच्या दादांना कळवलंय, टेप लावल्याशिवाय पुढचा कागद लिहिणार नाही."

"अरे, हा वाद नाही. विक्री आहे. विक्रीला टेप लागत नाही."

"नात्यातलं आहे ना, बाई."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. तुम्ही शिकवलेलंच परत सांगतोय. परंतु उद्या सकाळी येऊ का, तेवढं सांगा."

आपलेच दात आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? "ये," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परंतु स्टूल बगलेत मारून हजर झाला. स्टूल त्यानं स्वतःचं आणलं होतं; गुरूच्या पावलावर पाऊल म्हणजे किती! त्याच्या मागे दादा. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, जणू वर्गावर निघालाय. बहिणीच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबला, मग आत आला आणि छताकडे बघू लागला. बाईंनी ऑफिसातून आणलेली टेप काढली, टोक पुढे केलं. दादानं ते घेतलं.

बाई पलंगाकडून मागे सरकत समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. फीत मधोमध लोंबायला लागली.

"तुझ्या अशिलाला सांग," बाई परंतुला म्हणाल्या, "जरा ताणून धरायला."

परंतुनं वहीतून मान वर केली नाही. "मी नाही सांगणार, बाई. निरोपाची फी वेगळी पडेल."

दादाच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"ताणून धर," बाई म्हणाल्या. भिंतीकडे बघत.

"ताणलंय. तूच वाकडी उभी आहेस."

"मी सरळ आहे."

"तू सरळ? असू दे. आकडा सांग."

बाईंच्या खोल्या झाल्या, मग दादाच्या. दादाच्या खोलीत खुर्ची, रेडिओ आणि वहिनीचा फोटो. ओट्यावर एकच ताट, एकच पेला. बाईंनी तिकडे पाहिलं आणि पटकन टेपवरचा आकडा वाचला. शेवटी बाहेर रस्त्याकडून अख्ख्या घराची लांबी मोजली. समोरचा चष्मेवाला दुकानाचं शटर अर्धं उचलून बघत उभा राहिला. भाऊ-बहीण एका टेपला धरून उभे आहेत, हे दृश्य त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

परंतुनं आकडे वाचून दाखवले. दादानं डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात बेरीज केली. मग डोळे उघडले.

"जमत नाही."

"काय जमत नाही?"

"तुझं आतून आणि माझं आतून मिळून बाहेरच्या एवढं व्हायला हवं. बाजूच्या भिंती धरल्या तरी वीतभर कमी पडतंय."

"तुझी बेरीज चुकली."

"माझी बेरीज? मी जन्मभर बेरजा केल्यात! तुझी टेप आटली असेल."

"टेप काय सदरा आहे आटायला?"

पुन्हा मोजलं. आता दोघंही इरेला पेटले होते. "खाली धर," "वर धर," "पाय काढ मधला," "तुझाच आहे तो." बेरीज पुन्हा वीतभर कमी. चष्मेवाल्यानं शटर पूर्ण वर केलं.

परंतुनं वर्गातल्या पोरासारखं बोट वर केलं. "बाई... मधली भिंत."

बाई उभ्या होत्या तशाच राहिल्या. मग त्या आत गेल्या, नमुन्याचं वाटणीपत्र घेऊन आल्या आणि चतुःसीमेचं पान काढलं. बाईंचा हिस्सा मधल्या भिंतीपर्यंत. दादाचा हिस्सा मधल्या भिंतीपर्यंत. भिंत कुणाला, ते लिहायचं राहून गेलं होतं. दोन्हीकडून आतूनच मोजलं होतं ना, एकटीनं, इस्त्री ठेवून.

"ठकू," दादा म्हणाला. लहानपणानंतर या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. "ठकू, तू भिंत विसरलीस?"

आणि तो हसायला लागला. हसता हसता खाली पायरीवर बसला. "भिंतीलाही जाडी असते! अख्ख्या गावाला सांगत फिरते, आणि स्वतःची भिंत विसरली!"

बाईंचे कान तापले. त्यांनी परंतुकडे पाहिलं, तर त्याचाही चेहरा उतरलेला.

"तुला काय झालं?"

"बाई, मी याच नमुन्यावरून वाटणीपत्रं लिहिली."

"किती?"

"परंतु... बरीच."

गावात किती घरांच्या मधल्या भिंती बेवारस उभ्या असतील, या विचारानं बाईंनाही पायरीवर बसावं लागलं. दादाच्या शेजारी. टेप दोघांच्या मधे, टोक अजून दादाच्या हातात.

परंतु शिष्य खरा, पण माणसांच्या बाबतीत अजून कच्चा होता. तो उत्साहानं म्हणाला, "काळजीचं काही नाही. भिंत वाटलीच नाही, म्हणजे ती दोघांची सामाईक राहिली. चूक-दुरुस्तीचा दस्त करू. तिच्या दोघांत दोन वाटण्या, दोन सह्या, दुपारपर्यंत मोकळे. मग दादांना विकायला काही अडचण नाही. परंतु दोघांची सही हवी."

बाईंनी वाटणीपत्र मिटून मांडीवर ठेवलं.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"का?" दादा.

"भिंत माझी आहे. माझा पलंग आहे तिला लागून."

"वा गं वा! माझी खुर्ची आहे तिला टेकलेली. तुझ्या वहिनीचा फोटो आहे त्या भिंतीवर. आणि..." दादानं आवाज खाली आणला. "तू पहाटे खोकतेस. महिनाभर ऐकतोय. दाखवलंस का कुणाला?"

 म्हणजे इतकी वर्षं त्या भिंतीला पलीकडूनही कान होते.

"तुझा रेडिओ गेल्या आठवड्यात बंद होता," त्या म्हणाल्या. "सलग. मी दोनदा दारापर्यंत आले."

"मग वाजवायचं की."

"दार तुझ्या हिश्श्यात आहे."

"दार वाजवू नये असं कुठल्या कलमात लिहिलंय?"

"कुठल्याच नाही," बाई म्हणाल्या. "नाही लिहिलेलं कुठे."

दादानं टेपचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. पुन्हा गुंडाळलं. "पलीकडे फार शांत असतं गं," तो म्हणाला. "म्हणून निघालो होतो. तिकडे निदान नातवंडं आरडाओरडा करतील."

परंतुनं तोंड उघडलं, पण दोघांनीही एकदमच त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते मिटलं. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत तो पहिल्यांदाच परंतु न म्हणता गप्प बसला.

"सही करणार नाहीस म्हणजे मला दावा घालावा लागेल," दादा म्हणाला.

"घाल की."

"किती चालेल असा दावा?"

बाईंनी वकिलाच्या चेहऱ्यानं विचार केला. "मी लढवला तर? आपल्या दोघांच्या हयातीत निकाल लागायचा नाही."

"आणि तोवर घर?"

"वादातली जागा शहाणा माणूस विकत घेत नाही. मुलाला तसं कळव. सुट्टीत नातवंडांना इकडे पाठव म्हणावं, आरडाओरड्याला अंगण आहे."

"अंगण माझं आहे."

"मी कुठे नाही म्हटलं? पण लिंबाच्या झाडाचं ते कलम मला मान्य नाही. फांदी माझ्याकडे आहे तर लिंबं वर असतानाच माझी."

"अजिबात नाही! मूळ कुणाकडे आहे? मूळ!"

"मूळ काय चोखून खायचंय?"

चष्मेवाल्यानं गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि खुर्ची बाहेर ओढली. परंतुनं हळूच वही मिटली, स्टूल उचललं आणि तो रस्त्याला लागला. आयुष्यभर लोकांचे वाद मिटवणाऱ्या बाईंना शेवटी स्वतःचा एक वाद मिळाला होता, आणि तो मिटवायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

ऊन पायरीवर आलं तेव्हा दादा गुडघ्यावर हात टेकून उठला. "आज एवढं पुरे. घसा बसला माझा. पुढची तारीख?"

"उद्या सकाळची. चहाला ये. आणि दार वाजवत बसू नकोस, उघडंच असेल."

दादा मान हलवून निघाला. टेपचं टोक हातात आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. फीत त्याच्या मागोमाग अंगणातून सरकत पलीकडच्या दारात गेली, आणि बाईंनी मूठ फिरवली नाही.